मोटेच्या सोंडेवर धावलेली गाडी

गाडी लाल होती. आधी हेच सांगतो, कारण पहिल्यांदा पाहिली तेव्हा मले दुसरं काही दिसलंच नाही! दोन बैठकीची, बिनछपराची, लांब नाकाची बिलायती मोटार, खास शर्यतीसाठी बनवलेली म्हणे. ती आमच्या काकानं मंगरूळपीरच्या रस्त्यानं, मागं धुळीचा ढग घेऊन, थेट आमच्या वांग्याच्या मळ्यात आणून उभी केली. एका जमीनदाराच्या पोरानं हौसेनं घेतली होती. त्याची हौस दोन पावसाळ्यातच फिटली, अन् काकानं आपल्या वाट्याची अख्खी तूर देऊन ती घेऊन टाकली.

काका म्हणजे माह्या बापाचा लहान भाऊ. अंगानं आडवा, हसला की पोट आधी हलते. बापाले आमी आबा म्हणतो. आमचा भाजीपाल्याचा मळा. विहिरीवर चामड्याची मोट, मोटेच्या पाण्यावर वांगे, कांदे, लसूण, कोबी, अन् माल आठवडी बाजारात. पण आबाले कोणी विचारलं तुमी काय करता, तं ते मळ्याचं नाव काढत नाहीत. म्हणतात, "आपली पटाची जोडी हाय." शंकरपट म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्याईच्या शर्यती. आबाची पांढरी जोडी कधी हरल्याचं मले तरी आठवत नाही.

आता अशा घरात लाल मोटार! आबानं तिच्याभोवती एक फेरी मारली, बाजारात बैलाभोवती मारतात तशीच. चाकाले पायानं दाबून पाह्यलं अन् काकाले म्हणे, "दात पाह्यले काबे हिचे?"

"दात नसतात दादा हिले."

"मंग खाते कायनं?"

"पेट्रोल पेते."

"अन् देते काय?"

काका चाकावरची धूळ पुसू लागला. कारण खरं सांगू का, गाडी दिसाले वाघ, पण अंगात दम नव्हता. सपाटीवर सुरेख पळे. पण आमच्या मळ्याच्या पुढं नाला लागते, अन् नाल्याच्या पल्याड उभा चढाव. त्या चढावावर दोन माणसं अन् एक कांद्याचं पोतं घेऊन गेली की मधातच खोकलत खोकलत थांबे अन् उलटी खाली येऊ लागे. मंग मी उतरून ढकलू. एकदा बाजाराच्या दिवशी सगळ्या बैलबंड्या आमच्या बाजूनं वर निघून गेल्या, अन् एका म्हातारीनं बंडीतून मले विचारलं, "कायले एवढी लाल केली रे हिले? लाजून का?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याले पिठाची गिरणी टाकाची होती. म्हणे इंजिन तेवढं काढून द्या, बाकी पत्रा तुमीच ठेवा. पत्रा! मले असं झालं की कोणी बैलाचं काळीज मागितलं अन् कातडं ठेवा म्हणलं! पण आबाले ते पटलं. गाडीनं अर्धा कोठा अडवला होता, अन् पटाच्या बैलाईले अंग टाकाले जागा नव्हती.

"दम कमी हाय, एवढंच हाय दादा," काका म्हणे. "दम वाढवता येते. मी पाह्यलं हाय. एकदा वाढवू दे, मंग पाहा."

"वाढव. अन् येत्या पटात माह्या जोडीच्या बाजूले उभी कर. जोडीच्या पुढं गेली तं ठेव तुही गाडी. मागं राह्यली तं गिरणीवाला इंजिन घेऊन जाईन. कबूल?"

"कबूल!" हे मी म्हणालो. काकाचं तोंड उघडाच्या आधी! काका माह्याकडं असा पाहून राह्यला होता की जसं मी त्याची तूर दुसऱ्यांदा इकली.

मंग सुरू झाला आमचा कारखाना. बापरे, काय दिवस होते ते! कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात काकाच्या ओळखीचा मिस्त्री होता. आमी इंजिनाचं वरचं जड झाकण खोललं, गोणपाटात बांधलं अन् बंडीनं त्याच्याकडं नेलं. मिस्त्रीनं ते खालून तासून दिलं. तासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोलचा भडका जास्त दाबून उडते, अन् इंजिन जास्त जोरानं ओढते. एवढीच करामत. मिस्त्री म्हणे, "उडन आता ही, उडन! फक्त पाखं नाई लावून देले मी."

झाकण आणून बसवलं. काकानं पुढं जाऊन हँडल मारलं. अन् हँडलनं काकाले मारलं! दाब एवढा वाढला होता की हँडल उलटं फिरलं, काका थेट कोबीत जाऊन बसला अन् मनगट भाकरीसारखं फुगलं. कोबीतून उठता उठता काय म्हणावं त्यानं? "पाह्यलं! पाह्यलं काबे कसा दम आला तिच्यात!"

तं दमाची पहिली किंमत काकाचा हात. आता गाडी मलेच चालवाची होती, अन् सुरू करायची म्हणलं की आमी दोघंही देवाचं नाव घेत होतो.

दुसरी किंमत कानाची. काका म्हणे, मागचं आवाज दाबाचं नळकांडं काढून टाकू, धूर मोकळा जाईन, आणखी दम येईन. काढलं. असा आवाज निंगाला राजेहो, की शेजारच्या मळ्यातली म्हैस धुऱ्याचा बांध ओलांडून आमच्या लसणात आली, अन् कोंबड्याईनं दोन दिवस अंडी देली नाही. आई चुलीसाठी आणलेल्या कपाशीच्या पराट्या टाकून कोठ्याच्या दारात आली, कानावर पदर दाबून.

"अवो भाऊजी," ती काकाले म्हणाली, "गाडीले पोटात दुखून राह्यलं का काय तिच्या?"

"वयनी, हा तिचा दम हाय!"

"दम असते तं गप राह्यते माणूस," आई म्हणाली अन् गेली. काकाले तिचा राग नाही आला, अन् बरंच झालं, कारण त्याले मंग तिच्याकडंच काम पडाचं होतं. ते पुढं सांगतो.

मी गाडी नाल्यावर नेली. चढाव लागला, मी जोर देला, अन् इंजिन ओरडून राह्यलं जसं पटात शंभर माणसं ओरडतात, अन् गाडी? गाडी जागीच! चाकं फिरूनच नाही राह्यली. जळक्या चामड्याचा वास आला. मले रडूच आलं.

कारण काय होतं, की इंजिनाचा जोर चाकांकडं देणारा जो भाग असते ना, क्लच, तो आमच्या गाडीत पितळी वाटीसारखा होता, अन् त्याच्यावर चामड्याचं अस्तर. जुन्या दमाले ते जुनं चामडं पुरत होतं. नव्या दमापुढं ते घसरू लागलं, अन् घसरून घसरून जळून गेलं. इंजिन म्हणते चाल, चाकं म्हणतात ऐकूच आलं नाही. झाली तिसरी किंमत!

नवं चामडं लावून पाह्यलं. काकाच्या जुन्या वहाणाचं. एक फेरी चाललं अन् करपलं. बैलाच्या गळ्यातल्या जुन्या पट्ट्याचं लावलं, ते तडकलं. ज्यानं त्यानं येऊन अक्कल शिकवली. अन् पट परवावर आला. मी कोठ्यात गाडीच्या चाकाले टेकून बसलो होतो, हात काळे, अन् काका फुगलं मनगट मांडीवर घेऊन चूप. काका चूप म्हणजे काय हे आमच्या घरात आधी कोणाले माहीत नव्हतं.

आबा बैलाईले सरकीची ढेप चारून राह्यले होते. पाठमोऱ्यानंच म्हणे, "काय मोडलं?"

"चामडं," मी म्हणालो.

"कसं पायजे?"

"नरम पायजे, पण मजबूत. पाणी पेलेलं, तेल पेलेलं. रोज घासूनही न फाटणारं. असं कुठी भेटन आबा?"

आबानं ढेपेचं टोपलं खाली ठेवलं. बाहेर गेले. जरा वेळानं आले तं त्यांच्या हातात मोटेची सोंड! मोटेच्या खाली जी लांब चामड्याची नळी असते, जिच्यातून पाणी पाटात पडते, ती. वर्षानुवर्षं विहिरीत उतरून अन् तेल खाऊन साबराच्या कातड्यासारखी नरम झालेली. त्यांनी विळ्यानं ती सोंड मोटेपासून कापून आणली होती!

काका उठूनच उभा राह्यला. "दादा! मोट बंद पडन! वांगे जातीन!"

"पटात समोरच्याचं जू मोडलं, दोर तुटला, तं काय कराव लागते?" आबानं विचारलं.

हे आमच्याकडं लहान पोट्ट्यालेही माहीत असते. पटात समोरच्याचं काही मोडलं तं ज्याच्याजवळ असन त्यानं द्याचं. न देता मारलेला पट कोणी मानत नाही. जिंकणाऱ्यालेच गावात तोंड लपवाव लागते.

"हे जू नाई दादा," काका हळूच म्हणे. "ही गाडी हाय."

"माह्या जोडीच्या बाजूले उभी राहीन ना? मंग जूच झालं." आबानं सोंड माह्या मांडीवर टाकली. "मले लंगडी गाडी हारवाची नाई. चांगली कर. मंग हारवतो."

आता सांगा, असा बाप कोणाचा असते!

आमी वाटीच्या मापानं सोंड कापली, तांब्याच्या बारीक खिळ्याईनं ठोकली. चामडं नरम ठेवाले एरंडेल लागत होतं. तं काकाचं आईकडं जे काम पडलं ते हे. आईजवळ एरंडेलाचा शिसा होता, घरातल्या सगळ्या पोटाईसाठी. काका त्याच्यासाठी चुलीजवळ लहान पोट्ट्यासारखा घुटमळला.

"न्या," आई म्हणाली. "पण पोट्ट्याचं पोट बिघडलं तं काय गाडी चाटवू त्याले?"

अन् मंग मी गाडी नाल्यावर नेली. जोर देला. आवाज. चामड्यानं वाटी धरली, वाटीनं चाकं धरली, अन् गाडी त्या चढावावर अशी गेली, अशी गेली, की मी वर पोचून पन्नास हात पुढं निंगून गेलो अन् मंग मले समजलं की चढाव मागं राह्यला! मी एकटाच ओरडत होतो. काका खालून ओरडत होता. म्हैस पुन्हा लसणात गेली असन, कोनाले पर्वा!

पटाचा दिवस. गावाबाहेरच्या बरडावर माणसं मावत नव्हते. खरा पट संपला, जोड्याईचे निकाल लागले, तरी कोणी घरी जाईना. सगळ्याईले आमचीच लढत पाहाची होती. एका बाजूले आबाची पांढरी जोडी, हलक्या छकड्याले जुंपलेली, आबा स्वतः धुरकरी, कासरा हातात. दुसऱ्या बाजूले आमची लाल गाडी, गाडीत मी.

अन् अठी आमी माती खाल्ली.

पटाच्या दिवशी जोडीले सकाळपासून पोटभर पाणी नसतात पाजत. पोट जड झालं की बैल पळत नाही. ओल्या फडक्यानं तोंड पुसाचं, बस. काकानं जन्मभर हे पाह्यलं होतं. तं मैदानावर पोचल्यावर तो गाडीच्या नाकाखाली वाकला अन् इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचा नळ खोलून देला.

"काका, हे काय?"

"पटाच्या दिवशी पाणी नसते द्याचं. अंग हलकं राहीन."

अन् मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे वा!" मले ते एवढं पटलं, एवढं पटलं, की मी उरलेलं पाणी निथळाले गाडी हलवून देली! काकानं तं ओल्या फडक्यानं तिचे दिवेही पुसले.

बरं, इंजिन बंद ठेवावं तं हँडलची भीती. मनगटं आमच्याजवळ तीनच उरले होते. म्हणून इंजिन सुरूच ठेवलं. झेंडीवाला इकडं पाहून राह्यला, तिकडं पाहून राह्यला, लोक बाजूले होऊन नाही राह्यले, अन् गाडी बिनपाण्याची उभी, तापत.

झेंडी पडली!

बैलाईची पहिली उडी गाडीले कुठून येणार? जोडी सुटली तशी दिसेनाशी झाली, नुसती धूळ. मंग गाडीनं धरलं. आबानं कापलेलं चामडं असं धरून राह्यलं की माहं डोकं मागच्या गादीवर आपटलं. अर्ध्या पटात मी छकड्याच्या चाकाजवळ. पाऊण पटात बैलाच्या वशिंडाजवळ! मले बैलाचा डोळा दिसला, पांढरा, मोठा. अन् तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, आमच्या बिननळकांड्याच्या गाडीचा तो गडगडाट बैलाईच्या कानाजवळ आला, अन् बैल असे पळाले, असे पळाले, की आबानंही त्याईले तसं पळताना कधी पाह्यलं नव्हतं. त्याईले काय माहीत काकाचा दम हाय, त्याईले वाटलं मागून आभाळ येऊन राह्यलं! अन् दुसरं म्हणजे, इंजिनातून टणटण आवाज येऊ लागला, जसं कोणी आतून घणानं ठोकते. तहानलेलं इंजिन. जोर कमी झाला. रेघ आली.

शिंगाच्या लांबीनं हरलो. एका शिंगाच्या!

रेघ ओलांडल्यावर समजलं की दम वाढवला पण थांबवाचं काही वाढवलं नाही. ब्रेक दाबला तं गाडी म्हणे पाहू पाहू. ती थेट शेजारच्या तुरीत घुसली अन् तुरीनंच तिले थांबवलं. लोक धावत आले. मले वाटलं हसतीन. तं मले उचलूनच घेतलं! "काय पळाली बे! काय पळाली!" त्या दिवशी जिंकणारा कोण अन् हरणारा कोण, हे गर्दीत कोणाले समजतच नव्हतं. आबाले समजत होतं. ते बैलाईच्या पाठीवर हात फिरवत माह्याकडं पाहून राह्यले होते, अन् त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलून राह्यलं होतं. पण बोलले एवढंच, "हारली."

कबूल म्हणजे कबूल. गिरणीवाल्याले निरोप गेला.

इंजिन थंड झाल्यावर आमी त्याले पाणी पाजलं अन् गाडी घरी आणली. तिले काहीच झालं नव्हतं, तेच जास्त लागत होतं. सकाळी मी तिले पुसाले कोठ्यात गेलो तं आई मळ्यातून हाक मारून राह्यली.

"अजी, अठी या! वांग्याईनं माना टाकल्या!"

आबा धावले, मागून आमी. तीन दिवस झाले पाणी नव्हतं. वांगे लोंबले, कोबीचे पानं पापडासारखे. मोट विहिरीवर पडली होती, बिनसोंडेची. घरात एक जुनी सोंड होती, ती आबानं वाकवली तं मोडली. अन् आमच्या मोटेच्या मापाची सोंड कारंज्यालेच भेटते. बंडीनं जाणं एक दिवस, येणं एक दिवस, बैलाईले इसावा वेगळा. तोवर मळा राह्यते का?

आबा एकदा वांग्याकडं पाहत, एकदा कारंज्याच्या रस्त्याकडं. मंग कोठ्याकडं. कोठ्यातून गाडीचं लाल नाक बाहेर दिसून राह्यलं होतं.

"काबे," आबा माह्याकडं न पाहता म्हणे, "कारंजा किती वेळाचं हाय हिच्यानं?"

"दुपारच्या भाकरीले वापस येतो आबा!"

"मी बसतो संग. सोंड मले पाहून घ्याची हाय."

आबा गाडीत बसले! डोक्याचं पागोटं उपरण्यानं हनुवटीखाली बांधून, एक हात दारावर, एक हात माह्या खांद्यावर. काकानं डाव्या हातानं हँडल मारलं, या खेपेस नीट लागलं. नाला आला. चढाव आला. मी जोर देला. आबानं दाराच्या पत्र्यावर थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी, अन् ओरडले, "हाः! हाः माह्या राजा! हाः!" अन् गाडी वर! एकदाही नाही खोकलली!

वर पोचल्यावर म्हणे, "थांबव."

मी घाबरलो. "काय झालं आबा?"

"पाणी पाज तिले."

"आता नाही लागत आबा, आत्ताच तं..."

"चढाव चढली ना? पाज. काल तुमी दोघा शहाण्याईनं तिले तहानलेली पळवली. नळ खोलताना मी पाह्यलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"मले काय माहीत मोटार पाणी पेऊन पळते! मले वाटलं, पोराईले पट समजाले लागला." अन् आबा असे हसले की पागोट्याची गाठ सुटली.

वाटेत जेवढ्या विहिरी लागल्या तेवढ्या जागी आबा उतरले. स्वतः बादली ओढली, स्वतः टाकीत ओतली, अन् नाकावर हात ठेवून पाह्यलं ताप उतरला का. कारंज्याच्या बाजारात सोंड घेताना दुकानदारानं विचारलं, "पाटील, आधीची फाटली का?" आबा म्हणे, "फाटली नाई. पटात लागली." अन् बाहेर उभ्या गाडीकडं बोट केलं, जसं बैलजोडीकडं करतात!

दुपारची भाकर चुलीवर होती तेव्हा आमी घरी. सांजेच्या आत मोटेले सोंड शिवून झाली, मोट विहिरीत उतरली, अन् पाटातून पाणी निंगालं. दुसऱ्या दिवशी वांग्याईच्या माना वर.

त्याच दिवशी गिरणीवाला आला, पाने-हातोडे घेऊन. काका कोठ्यामागं लपला, त्याले ते पाहावत नव्हतं. मी दारात उभा, आडवा. आबा बांधावरून ओरडले, "कायले आले जी?"

"इंजिन न्याले. तुमीच निरोप देला होता ना?"

"आज नाई. गाडी कामावर हाय."

"मंग कधी येऊ?"

"तिचं काम कधी संपन मले काय माहीत? वांग्याईले विचारा."

गिरणीवाला गेला. काका कोठ्यामागून आला, नाचतच आला, फुगलं मनगट हवेत धरून. आईनं एरंडेलाचा रिकामा शिसा त्याच्या हातात देला अन् म्हणाली, "आता भरून आणा हा. गाडीनं जा."

सांजेले आबा बैलाईले पाणी पाजून राह्यले होते. एक बादली उरली. ती घेऊन ते गाडीजवळ आले, टाकीत ओतली, राह्यलेलं नाकावर शिंपडलं.

"पुढच्या पटाले सकाळपासून पाज हिले," ते म्हणे. "अन् ते नळकांडं परत लाव. माह्या बैलाईच्या कानात बोंबलून पुढं जाऊ नोको. मुकाट्यानं जा. मंग पाहू कोन कोनाले हारवते ते."